हिरवा शालू, आजीचा तन्मणी आणि चार तोळे: दागिने कसे ठरवू? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात माझं लग्न आहे, इथेच सांगलीत. कपडे ठरलेत, दागिने ठरत नाहीत आणि रोज रात्री जेवताना घरात त्याच विषयावर गाडी येते. म्हणून हा धागा.

कपडे असे. गौरीहर पुजायला मामाकडची पिवळी अष्टपुत्री. मुहूर्ताला आणि सप्तपदीला गर्द हिरवा बनारसी शालू, काठ लाल, जर (जरतार) एकदम फिकट, जवळजवळ चंदेरी. संध्याकाळी रिसेप्शनला डाळिंबी पैठणी, तिची जर मात्र पिवळीधमक.

घरात आहे ते असं: आईची बोरमाळ, पाटल्यांची जोडी आणि आजीचा तन्मणी, म्हणजे मोत्यांचे सर आणि मध्ये पदक. नवीन करायला बाबांनी चार तोळ्यांची तयारी ठेवलीय. आजचा भाव बघता ते किती आहे हे मला कळतं.

आईचं म्हणणं, बोरमाळ मोडायची, त्यात नवं सोनं घालून एक लांब भरगच्च राणीहार करायचा, म्हणजे हॉलमध्ये मागच्या रांगेतून दिसेल. मला गळ्यालगतचं काहीतरी हवंय, ठुशी किंवा वज्रटीक. आजी काहीच म्हणत नाही.

आता तन्मणीविषयी. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात आलं तेव्हा तन्मणी खालच्या फडताळात, एका पत्र्याच्या डबीत राहिला. आम्ही आजीला घेऊन बाहेर पडलो, डबी राहिली. पाणी उतरल्यावर ती गाळात सापडली. रेशीम कुजलं होतं, सर सुटले होते, मोत्यांवर माती बसली होती. खोड, म्हणजे मधलं पदक, मात्र शाबूत होतं. आजीने सगळे मोती धुऊन, मोजून एका सुती फडक्यात बांधले आणि कपाटात ठेवले. तेव्हापासून ते फडकं कुणी सोडलेलं नाही.

मला तो तन्मणी लग्नात घालायचाय. शालूवर शोभेल का, नीट होईल का, त्याच्याबरोबर दुसरं काय घालावं, सगळं सांगा.

सुईदोरा

मी मिरजेत ब्लाउज शिवते, वीस वर्षं झाली. पहिला प्रश्न: ब्लाउज शिवायला टाकलेस का? टाकला असशील तर फोन करून थांबव. नवऱ्या आधी ब्लाउज शिवून घेतात, मग दागिना घेतात आणि आठवड्यावर लग्न आलं की माझ्याकडे गळा उसवायला येतात. दागिना आधी, गळा नंतर.

गळ्यालगतचं घालणार असशील तर पुढचा गळा थोडा उतरता ठेव, म्हणजे दागिना आणि कापड यांच्यात चार बोटं कातडी दिसते. ठुशीच्या खालीच जरीचा काठ लागला की सोनं जरीत हरवतं, कितीही भारी असू दे. लांब हार घालणार असशील तर गळा थोडा वर चालतो, पण त्यावर हातकाम, खडे, आरसे काही नको. हार त्यात अडकतो आणि मोत्याचा सर तुटतो. हे माझ्यासमोर घडलंय, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी.

बाहीचं पण सांगते. वाकी घालणार असशील तर बाही कोपराच्या बरीच वर हवी, आणि वाकी बाहीच्या काठावर नाही, काठाखाली दंडावर बसते.

औंधची

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं, सातारा जिल्ह्यात. मला जे कुणी सांगितलं नाही ते तुला सांगते: मुहूर्ताच्या फोटोत गळ्यात फुलांचा हार असतो!

अक्षता पडल्या, अंतरपाट गेला, हार घातले, की तिथून पुढचा बराच वेळ छातीवर तो झेंडू-निशिगंधाचा जाडजूड हार असतो. माझा लक्ष्मीहार पूर्ण त्याच्याखाली गेला. दिसलं काय, तर गळ्याला चिकटून असलेली चिंचपेटी आणि कानातलं. काकूंना सांग, मागच्या रांगेतून राणीहार दिसणार नाही, वरमाला दिसेल. लांब दागिना संध्याकाळी पैठणीवर घाल, तिथे कुणी हार घालत नाही.

दुसरं, मुंडावळ्या. त्या कपाळावरून कानांच्या बाजूने खाली येतात. मी कानात मोठे झुबे आणि वर मोत्याचे वेल घातले होते. मुंडावळ्यांचे सर वेलात गुंतले, सप्तपदीच्या वेळी मान वळवता येईना. सकाळी नुसत्या कुड्या घाल. सहा मोत्यांच्या मध्ये एक, एवढी साधी कुडी, पण चेहऱ्याजवळ तिच्यासारखं दुसरं काही नाही.

तिसरं, मंगळसूत्र. ते आधी गळ्यात नसतं, विधीत येतं. त्याची जागा मोकळी ठेव. आधीच तीन माळा असल्या की काळे मणी आणि वाट्या कुठे जातात ते शोधावं लागतं.

कृष्णाकाठची

वरमालेचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. सुईदोरा ताई, ब्लाउज अजून टाकला नाही, कापड घरातच आहे.

विटेकरीण

मी विट्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. भारतातल्या कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ बाजारात जा, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा माणूस आमच्याकडचा निघतो. माझे वडील तमिळनाडूत होते, माझं लहानपण मुशी (सोनं वितळवायचं भांडं) आणि भट्टीच्या मागच्या खोलीत गेलं. तेव्हा हे वाच आणि आईलाही वाचायला दे.

बोरमाळ मोडू नका.

कारण सांगते. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ असतात, पातळ पत्र्याचे, आणि आत लाख भरलेली असते, म्हणजे मणी चेपत नाही. तुमच्या घरी तराजूवर जे वजन दिसतं त्यात ती लाख आहे, दोरा आहे. मुशीत गेल्यावर लाख जळते आणि उरतं ते सोनं. मग त्यातला डाग, म्हणजे जोडाला वापरलेलं हलकं मिश्रण, तेही एकत्र होऊन कस उतरतो. मोडायला येणाऱ्या बायकांचे चेहरे मी पडद्याआडून बघितलेत. वडील प्रामाणिक होते, एक गुंज इकडची तिकडे करायचे नाहीत, तरी बाई म्हणायची, "घरून तर इतकं भरलं होतं." त्यात फसवणूक नव्हती, लाख होती.

वर नव्या दागिन्याची घडणावळ, म्हणजे घडवायची मजुरी, पडते, ती पुढे मोडीत कधीच परत मिळत नाही. म्हणजे आई एकदा बोरमाळेच्या घडणावळीवर पाणी सोडणार आणि परत राणीहाराची भरणार. आणि तसे मणी आता हाताने कोण घडवतंय?

नवीन घेताना:

तोळ्यात बोलू नको, ग्रॅममध्ये बोल. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पेढीवर आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. बाबांच्या मनात कुठला आहे ते आधी विचार.

२२ कॅरटवर ९१६ चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. दुकानातच टाकून बघ, त्यात लाजायचं काही नाही. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि नथ, कुडी बहुतेक त्यातच येतात. तिथे पावतीवर कॅरट लिहून घे.

मोत्यांचं, खड्यांचं वजन वेगळं लिहून घे. माझ्या मावसबहिणीला एका पेढीवर नथीचं वजन मोत्यांसकट सोन्याच्या भावाने लावलं होतं. पावती नीट वाचल्यावर कळलं.

आणि कुणी "केडीएम आहे, उत्तम आहे" म्हणालं तर घेऊ नको. केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेला डाग. त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. ती माणसं मी खोकताना ऐकलीत.

मोतीचौक

मी साताऱ्याचा, आमच्या घरात तीन पिढ्या साडीचा व्यवसाय आहे, म्हणून रंगाविषयी बोलतो. लोक साडीचा रंग आणि खड्यांचा रंग जुळवत बसतात. हिरवा शालू म्हणून हिरवे खडे, डाळिंबी पैठणी म्हणून लाल खडे. माझ्या मते बघायची असते ती जर.

तुमच्या शालूची जर फिकट आहे. तिच्यावर पिवळंजर्द चकचकीत सोनं ठेवलं की जर जुनी, विटल्यासारखी दिसते. तीच जर मोत्यांच्या शेजारी उजळते. म्हणून हिरव्या शालूवर मोती: तन्मणी, मोत्याची कुडी, मोत्याची नथ. गर्द हिरव्यावर पांढरा मोती कसा उठतो हे वेगळं सांगायला नको. पैठणीची जर पिवळी आहे, तिच्यावर आईची बोरमाळ आणि नवं सोनं. विटेकरीण ताईंनाही माहीत असेल, २२ कॅरटमध्येही सोन्याची छटा बदलते. तांबं जास्त असलं की लालसर, चांदी जास्त असली की फिकट. म्हणून पैठणीचा पदर पिशवीत घालून पेढीवर न्या आणि दागिना पदरावर ठेवून बघा. दुकानातल्या दिव्याखाली नाही, पायरीवर, उन्हात. दुकानातले दिवे पिवळे असतात, त्यांच्याखाली सगळंच छान दिसतं.

अष्टपुत्रीवर फार काही घालू नका. ती साडी हळदीच्या रंगाची, हातात हिरवा चुडा, नाकात नथ. पाटल्या असल्या तर पुरे.

आणि खरेदीला पुण्याला जायचा बेत असेल तर आधी आपल्या सराफ कट्ट्यावर फिरा. गाडगीळांची पेढी १८३२ साली सांगलीतच सुरू झाली, पुण्याला ती नंतर गेली.

हळदीचं_पान

मी वेगळं मत मांडते, राग मानू नये. भाव इतका चढलाय, तर एवढं सोनं कशाला? एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने इतके सुंदर मिळतात की शेजारी उभं राहूनही कळत नाही. भाड्यानेही मिळतात. बाबांचे पैसे मुलीच्या नावावर ठेवीत टाकावेत. माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही फक्त मंगळसूत्र सोन्याचं केलं, बाकी सगळं एक ग्रॅमचं. हॉलवर खरे दागिने सांभाळायची धास्ती नाही, ती दिवसभर मोकळेपणाने हसली.

विटेकरीण

हळदीचं_पान, राग कशाला? हॉलवरची धास्ती खरी आहे. आमच्याकडे लग्नात एका मामीचं कामच असतं, डबा मांडीवर घेऊन बसायचं, ती जेवायलासुद्धा उठत नाही. पण ठेवीविषयी मला वेगळं वाटतं. कोरोनाच्या वेळी गलाईची दुकानं बंद पडली, माणसं गावाकडे परत आली, तेव्हा आमच्या घरात आईच्या दोन पाटल्यांवर सात महिने चूल पेटली. ठेव वडिलांच्या नावावर होती, ती धंद्यात आधीच गेली होती. पाटल्या आईच्या होत्या. स्त्रीधन कायद्यानेही बाईचंच असतं. म्हणून कृष्णाकाठची, नव्या दागिन्याची पावती तुझ्या नावाने कर आणि फोटो काढून ठेव.

हळदीचं_पान

हे पटलं. मग मधला मार्ग असा: रोज किंवा सणाला घालता येईल तेवढंच खरं करावं. राणीहार लग्नानंतर किती वेळा निघेल? ठुशी हळदीकुंकवालाही निघते.

तासगावची काकू

अगं पोरी, तन्मणीचं कुणीच सांगितलं नाही नीट. मी सांगते. सोनाराकडं नेऊ नकोस आधी, पटवेकऱ्याकडं ने. माळा ओवणं, गाठवणं, गोंडे करणं हे त्याचं काम. माझ्या सासूबाईंचा तन्मणी मी दोनदा गाठवून घेतलाय. दर काही वर्षांनी रेशीम बदलावंच लागतं, पाण्यात गेलेलं असो नसो. घाम लागून ते आतनं कमजोर होतं, वरनं दिसत नाही.

त्याला सांग, प्रत्येक मोत्यानंतर गाठ दे. मग कार्यात सर तुटला तरी एकच मोती जातो, सगळे मांडवभर पळत नाहीत.

मोती घरी साबणानं, सोड्यानं, लिंबानं काही घासू नका. कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवायचं, पिळायचं आणि एकेक मोती पुसायचा, बास. काहींची चकाकी गेली असेल तर ती परत यायची नाही, तसले मोती मागच्या बाजूला, मानेकडं ओवायचे. तिथं केस असतात, पदर असतो. चांगले पुढं, खोडाजवळ. मोजताना आजीला जवळ बसव. कुठला मोती कुठं होता ते तिलाच ठाऊक.

हळदीच्या दिवशी गळ्यात मोती नकोत. आपली हळद कापडावर बसली तर उठत नाही, मोत्यात तर मुरते. त्या दिवशी फुलांचे दागिने घाल. लग्नाच्या दिवशीपण आधी पावडर, अत्तर, केसांचा फवारा सगळं उरकायचं, मग शेवटी मोती घालायचे. आणि काढताना सगळ्यात आधी मोती काढायचे, मऊ फडक्यानं पुसूनच डबीत ठेवायचे. सुती कापडात ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस.

औंधची

काकू, किती छान सांगितलंत. नथीचं राहिलं. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घरी दोन-तीन दिवस घालून बघ. मोठी सरजाची नथ फोटोत सुंदर दिसते, पण घास भरवताना ओठांवर येते. मी शेवटी हाताने धरून जिलबी खाल्ली. बानू नथ छोटी असते आणि तन्मणीच्या मोत्यांशी जुळेल. शेल्याचंही लक्षात ठेव. तो ज्या खांद्यावर येतो त्या दंडावरची वाकी दिसत नाही, म्हणून वाकीवर खर्च करू नकोस.

पैंजण-जोडव्यांना हुपरीला जाऊन ये. सांगलीहून जवळ आहे, चांदीचंच गाव आहे ते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. चार आठवड्यांनी लिहितेय, कारण बरंच काही झालं.

बोरमाळ मोडली नाही. आईने विटेकरीण ताईंचा मजकूर दोनदा वाचला, मग बोरमाळ काढून गळ्यात घातली आणि दिवसभर घालूनच घरात वावरली. राणीहाराचं नाव परत निघालं नाही.

बाबांचा तोळा जुना निघाला! त्यामुळे साडेसहा ग्रॅम जास्तच धरलेले होते त्यांनी. त्यातून २२ ग्रॅमची ठुशी केली, पैठणीचा पदर घेऊन पेढीच्या पायरीवर उन्हात बघून. मोतीचौक दादा, दुकानात जी आवडली होती ती उन्हात फार पिवळी वाटली, दुसरीच घेतली. एचयूआयडी तिथेच तपासला. पावती माझ्या नावाने. मोत्याच्या कुड्या आणि बानू नथ घेतली, मोत्यांचं वजन वेगळं लिहून. उरलेल्या पैशांचं सध्या काही करत नाही, बाबांना म्हटलं राहू दे.

म्हणजे अष्टपुत्रीवर पाटल्या आणि नथ. शालूवर तन्मणी, कुड्या, नथ, आणि मंगळसूत्राला जागा मोकळी. पैठणीवर ठुशी आणि आईची बोरमाळ.

तन्मणीचं सांगायचं तर, आजीने फडकं सोडलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिने ताटात पांढरं कापड पसरलं आणि मोती एकेक पुसून दोन ढीग केले, पुढचे आणि मानेकडचे. काकू, तुम्ही म्हणालात तसंच, तिला प्रत्येकाची जागा माहीत होती. अकरा मोती पार गेले होते, त्यांच्या जागी तशाच फिकट रंगाचे शोधून घातले. पटवेकऱ्यांनी प्रत्येक मोत्यानंतर गाठ दिली आहे.

काल तन्मणी घरी आला. आजीने आधी स्वतःच्या गळ्यात घातला, आरशापाशी गेली, मागे हात नेऊन गोंडा चाचपला. मग तो पुढे ओढून बघितला आणि म्हणाली, "हा लाल केलाय. पोपटी होता. माझ्या लग्नात पोपटी होता." मी उद्या दोरी बदलायला घेऊन जाणार आहे.

सुईदोरा

पोपटीच बरा. हिरव्या शालूच्या ब्लाउजवर लाल गोंडा काठात मिसळला असता. मागचा गळा मी पाच बोटं खोल धरते, म्हणजे गोंडा पाठीवर मोकळा पडेल. दोरी बदलून झाली की गोंड्याची लांबी मोजून पाठव, मग कापड कापते.